पालीच्या घरावरचा बोजा

३ नोव्हेंबर
पप्पांच्या होडीच्या लायसन्सचा फॉर्म मी भरत होते आणि मार्क दौत धरून बसला होता. मी अकरा वर्षांची, माझा भाऊ सात. शाई सांडेल म्हणून तो श्वासही घेत नव्हता. तेव्हापासून घरातला प्रत्येक फॉर्म ग्रेसीनेच, म्हणजे मीच, भरायचा. कॉन्व्हेंटचं अक्षर!
आज आठवलं, कारण पालीच्या आमच्या बंद घरावर महापालिकेची नोटीस लागलीय. धोकादायक. दुरुस्त करा, नाहीतर पाडू. भिंतीत पिंपळ आहे, पण लहान. ठरलं. नाताळ पालीत.

६ नोव्हेंबर
पिंपळ उपटला. थोडी भिंतही आली.

११ नोव्हेंबर
दुरुस्तीच्या परवानगीसाठी उतारा काढला, तर घरावर पतसंस्थेचा बोजा! मार्कने होडीच्या इंजिनासाठी घर गहाण टाकलंय. हप्ते थकलेत. फोन केला. म्हणाला, बाय, तुजी सई हाय त्यावर. खोटारडा. माझ्या सहीतला इंग्रजी ‘जी’ माझ्यासारखा काढणारा अजून जन्मायचाय.

१२ नोव्हेंबर, सकाळ
पोलिसांत तक्रार दिली, मार्कने खोटी सही केली म्हणून. चार पानं, एक खाडाखोड नाही. शेजारची नीलम म्हणाली, आंटी, आधी तो कागद तरी बघा. कशाला?

१९ नोव्हेंबर
पतसंस्थेत गेले. मॅनेजर परागने फाइल उघडली. सही माझी. अख्खा फॉर्मच माझ्या अक्षरात. आई गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा ठेवली, त्या दिवशी मार्क म्हणाला होता, होडीचा फॉर्म हाय, भरून दे. पाहुणे जेवायचे थांबलेले. बारीक मजकूर कोण वाचतंय? तारणाच्या रकान्यात घराचा नंबरही मीच लिहिला, पत्ता समजून.
पराग म्हणाला, मॅडम, इतका स्वच्छ फॉर्म दुसरा नाही, नवीन लोकांना नमुना म्हणून दाखवतो.
क्षणभर बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर
मार्कला चौकीत चार तास बसवलं. तक्रार मागे घ्यायचा अर्ज मी लिहिला. त्यावर मार्कचीही सही लागली. त्याने चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. दोनदा.

१७ डिसेंबर
छप्पर आपोआप खाली बसलं. महापालिकेचे कष्ट वाचले. जागेचा लिलाव जानेवारीत. त्याआधी:
आल्तार, आमचा येशूचा देव्हारा, मार्कच्या मुलीला, रेचलला.
आईचा पाटा-वरवंटा नीलमला. तिने सांगितलं होतं, आधी कागद बघा.
चावी परागला. दार उरलं नाही, तरी द्यावी.
माझं शाईचं पेन मार्कला. विचारलं. म्हणाला, नको बाय, आमचे फॉर्म आता रेचल मोबाईलवर भरते.