अर्धं शटर आणि माझी श्रद्धांजली

प्रिय जहीरभाई,

खापरहून पारसमलचा सलाम आणि जय जिनेंद्र, दोन्ही घे. इकडे सगळे खुशाल. गुलशनभाभींचे गुडघे कसे आहेत ते कळव. माझं पोट, दात आणि स्वभाव तू सुरतेला गेलास तेव्हा होते तसेच आहेत (दात थोडे कमी). आता मुद्द्याचं लिहितो. मी तुझ्यावर रागावलो आहे. काल मी गेल्याची बातमी तुझ्या मोबाईलवर पोचली, तू ती वाचल्याच्या निळ्या खुणाही उमटल्या, आणि तू ना आलास ना फोन केलास. शाळेपासूनच्या दोस्तीला हे शोभतं का? (फोनवर रागावलो की तू लगेच हसवतोस, म्हणून पत्र.)

झालं ते असं. आमची नात एकता पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते, सध्या सुट्टीला घरी आली आहे. तिने दुकानाचं ॲप बनवलं आहे, त्यावर पाड्यांवरचे छोटे दुकानदार घरबसल्या तेल-गुळाची ऑर्डर देतात. काल ती म्हणाली, दादासा, सर्व्हरची दुरुस्ती करायची आहे, पण तो एकदम बंद केला तर ज्याची ऑर्डर अर्धवट आहे त्याची ती बुडते. म्हणून त्यात मेंटेनन्स मोड घालते. आत असलेल्यांना काम पुरं करू द्यायचं, नव्यांना पाटी दाखवून थांबवायचं, आणि आपल्या माणसांना मात्र आत येता आलं पाहिजे. मी म्हटलं, बेटा, याला आम्ही अर्धं शटर म्हणतो.

मग तिला आपली शुक्रवारची दुपार सांगितली. तू नमाजाला निघताना तुझ्या शिलाईच्या दुकानाचं शटर कमरेपर्यंत ओढायचास आणि मला हाक मारायचास. आत कापड बघत बसलेल्याला उठवायचं नाही, नव्याला माझ्या ओट्यावर बसवायचं, आणि मागच्या दाराने भाभींचा चहा यायचा. (इतकं आलं घातलेला चहा मी पुन्हा कुठे प्यालो नाही.) एकदा तू एका नवरदेवाचं माप घेता घेता निघून गेलास. तो बिचारा तू परत येईपर्यंत दोन्ही हात पसरून उभा राहिला, कारण हात खाली केले तर माप चुकेल असं मीच त्याला सांगितलं होतं. आता तुझ्या जागी मोबाईलचं दुकान आहे. त्याला काचेचा दरवाजा आहे, तो अर्धा बंद होत नाही. फार करमत नाही, जहीर. शुक्रवारी दुपारी तिकडे बघवत नाही.

एकताने सगळं मी सांगितलं तसंच केलं. पाटीचा मजकूरही माझाच, 'दुकान बंद आहे'. वर ॲपवरचा माझा नेहमीचा फोटो, उद्घाटनाच्या दिवशी हार घातलेला. (मागचा काळा रंग ही तिची आवड.) मग मी खालचं खरं शटरही अर्धं ओढलं आणि आत गादीवरच आडवा झालो. आपल्या बाजारात भर धंद्याच्या दिवशी मारवाड्याचं दुकान कशामुळे बंद असतं हे तुला सांगायला नको. आजारपणात आम्ही बंद ठेवत नाही, लग्नातही एक भाऊ गल्ल्यावर बसतो. बंद राहतं ते घरात कोणी गेलं तरच. तो हारवाला फोटो पाड्यापाड्यांवर फिरला, आणि आपल्या जुन्या खापरवाल्यांच्या ग्रुपवर एकाने हात जोडले म्हणून सगळ्यांनीच जोडले. एकताने तिथे खुलासा टाकला, तर लोकांनी लिहिलं की पोरगी धक्क्यात आहे, तिला सांभाळा.

मला जाग आली ती रडण्याने. शटरखालून पाहिलं, तर ओट्यावर माणसं माना खाली घालून बसलेली आणि पाड्यावरची दुकानदार गजराबाई माझे गुण सांगत होती. काट्याला कधी बोट लावलं नाही शेठने, असं म्हणत होती. हीच बाई दर फेरीला काट्यावरून माझ्याशी भांडते. मी थोडा वेळ मुद्दाम आतच थांबलो (असं ऐकायला पुन्हा थोडंच मिळणार आहे). शेवटी बाहेर वाकून आलो, तर रिक्षावाला सुकलाल माझ्याकडे बघत राहिला. "शेठ, तुम्ही ते जित्ता शेतस. मी ते भरेल रिक्षा सोडीसन उनू," म्हणाला. त्यात मी जिवंत असल्याचा आनंद होता, पण भरलेली रिक्षा सोडून आल्याची थोडी तक्रारही होती. आमच्या सौभाग्यवतीला, पतासीबाईला, मेथी निवडताना बायकांनी गाठून गळ्यात गळे घातले होते. तिने सगळ्यांना चहा पाजला आणि मला सोडून सगळ्यांशी बोलली.

सगळे आले, जहीर. माझ्याशी अबोला धरलेला समोरचा धान्यवालाही आला. मी मात्र सुरतेकडून येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघत होतो. आता पाटी बदलली आहे, 'दुरुस्ती चालू आहे, सगळे खुशाल आहेत'.

भाभींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि तुला काही नाही.

रागावलेला,
पारसमल

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात एकता आली. दुरुस्ती संपून आज ॲप उघडल्याबरोबर पहिली ऑर्डर आली ती सुरतेहून. जहीर टेलर, अर्धा किलो खडीसाखर. एकता विचारते, सुरतेत खडीसाखर मिळत नाही का?

आणखी एक. फोन का केला नाहीस ते आता विचारत नाही. तुझ्याबद्दल असं काही कळलं असतं, तर पलीकडून दुसरंच कोणी उचलेल या भीतीने मीही केला नसता. खडीसाखर बांधून ठेवली आहे. सुरतेला आम्ही माल पोचवत नाही. येऊन घेऊन जा.