मालक विठोबाकाका

६ नोव्हेंबर, धार
पोचले एकदाची. हवा छान, खोली स्वच्छ, आणि घरमालकीण पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला घालते. म्हणजे एका बाबतीत तरी हे गाव पुण्याच्या पुढे आहे. इथल्या मराठी मंडळींच्या संस्थेत घराण्यांची नोंद जुनाट संगणकावर आहे: कोण गेलं, कोणत्या तिथीला. तिथी जवळ आली की यंत्र पत्र छापतं आणि घरच्यांना श्राद्धाची आठवण जाते. अडचण एवढीच, की नव्या माणसाचं खातं उघडलं तरी त्याला 'परवानगी नाही' असं येतं. एका तासाचं काम. मला आठवडाभर बोलावलंय!

७ नोव्हेंबर
कारण कळलं आणि कपाळाला हात लावला. हा डेटाबेस विठोबाकाका नावाच्या कारकुनांनी बांधला, सगळ्या तक्त्यांचे मालक तेच. ते तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून सगळे त्यांच्याच नावाने आत शिरतात. नोंदी भरणारी नीतू यंत्र सुरू करण्याआधी त्यांच्या फोटोला हात जोडते. हे खातं काढू या म्हटलं, तर अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले, यादीतलं नाव खोडायचा हक्क फक्त विठोबाला होता, असू दे त्याला. नीतूचं त्याच्यावर वरताण: दीदी, पहले काका से पूछ लो. एम.ए. झालेली मुलगी ही!

८ नोव्हेंबर
कोणालाही विचारलं नाही. मालकी माझ्या नावावर घेतली आणि विठोबाकाकांचं खातं उडवलं. नीतू आता स्वतःच्या नावाने आत जाते, तरी रडवेली होऊन लवकर घरी गेली. जाऊ दे. अशा लोकांना संगणक देण्यापेक्षा पाटी-पेन्सिल द्यावी.

१० नोव्हेंबर
मृतांच्या यादीत नवी ओळ आहे. 'स्वानंदी जगदेवराव मोहिते, पुणे. कार्तिक वद्य नवमी.' म्हणजे मी, आणि येती तेरा तारीख. नीतूचा सूड, दुसरं काय? तिला इतकं शुद्ध मराठी लिहिता येतं हेच नवल.
ओळ खोडायला गेले. खोडण्याची परवानगी नाही. मालक मी, आणि मलाच नाही! स्वतःला हक्क दिला, पण माझ्या नावापुढची परवानगीची खूण डोळ्यांदेखत पुसली जाते. पाच वेळा केलं.

११ नोव्हेंबर
नीतू शनिवारी रडवेली होऊन गेली ती थेट उदयनगरला, बहिणीकडे. म्हणजे ती नव्हे.
नोंदींची तीन वर्षांपूर्वीची जुनी प्रत सापडली (खाती तिच्यात नसतात, फक्त नावं), ती लावली. माझी ओळ तिच्यातही आहे.
संध्याकाळी आईचा फोन. माझ्या श्राद्धाचं पत्र आलंय तिला. धारचा शिक्का, तीन तारखेचा. मी तर सहाला आले. आई रडत होती, मी हसण्यावारी नेलं. भीती वाटतेय मला.

१२ नोव्हेंबर
ओळ खोडू शकणारं एकच खातं होतं, ते मी उडवलं. पुन्हा तसंच उघडायला नाव तेच हवं, आणि विठोबाकाकांनी खातं बांधताना घातलेला गुप्त क्रमांकही तोच; रोज आत शिरायचा पासवर्ड नव्हे. एक आकडा चुकला तरी यंत्राच्या लेखी तो माणूस वेगळा.
त्यांच्या पत्नी रुक्मिणीअक्कांना विचारलं. क्रमांकाची चिठ्ठी कोणाच्या हाती देऊ नका, असं ते बजावून गेले होते म्हणे. म्हणून यांनी ती डबीत घातली आणि धरमपुरीला अस्थींबरोबर नर्मदेत सोडली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिजू नये म्हणून!
अडाणी. ठार अडाणी माणसं—
पहाटे निघते.

१३ नोव्हेंबर, धरमपुरी
आज नवमी. नावेत बसलेय. पोहता येत नाही मला. अस्थी याच नावाड्याने नेल्या होत्या, त्याला जागा आठवते. तीन साल में कुछ बचता है क्या, दीदी, म्हणाला. त्याचं मत कोणी विचारलं होतं?

नाव थांबली. दुपारचं ऊन, पाणी तळापर्यंत नितळ—
चकाकतंय काहीतरी. डबीच ती. वर येतेय. जड डबी वर कशी—
हातभर खाली. आता त्याहून कमी—

नावाडी ओरडतोय, झुको मत. या गावंढळाला काय कळतंय, जरासं वाकलं की हाती ये—