दोन भोकांचा लॅपटॉप

२४ सप्टें., बुधवार
जुना कॉम्प्युटर गेला. धूर काढून गेला, तोऱ्यात गेला. दुपारी मालकांचा, अण्णाशेठचा पोरगा व्यंकटेश नवा लॅपटॉप घेऊन आला. पापडासारखा पातळ. कडेला दोन बारकी भोकं, बस्स. एकात चार्जर. म्हणजे उरलं एक.

म्हटलं, "माझी पाटी कुठं लावू?" पाटी म्हणजे डिझाइन काढायचा पेनाचा टॅबलेट. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सगळे पाटीच म्हणतात. आणि स्कॅनर? आणि ते डोंगल? डोंगल खोचल्याशिवाय आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतच नाही, हे ह्याला माहीत नाही काय!

व्यं. हसला. "मॅडम, पाटी भंगारात टाका की. रेडीमेड डिझाइनं मिळायलेत आता. ऑनलाइन. पाहिजे ते उचलायचं."

आणि मी काय उचलायचं? ह्याचं दप्तर?

२६ सप्टें.
अण्णाशेठना गाठलं. मी कामाला लागले तेव्हा व्यं. चड्डीत फिरायचा, ही आठवण करून दिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शैलक्का, दिवाळीआधी एक टॉवेल तुझ्या डिझाइनचा विणू, एक पोराच्या रेडीमेडचा. गिऱ्हाईक ज्याला हो म्हणंल ते चालू ठेवायचं."
"आणि दुसरं?"
ते पंख्याकडं बघत बसले. कळलं मला. दुसरं म्हणजे मी.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "लई झालं की आता. बस निवांत." निवांत बसून काय करू, भिंती मोजू? भीती वाटायली, खोटं कशाला लिहू. पण राग भीतीच्या दोन पावलं पुढं आहे, तोवर ठीक.

२७ सप्टें., शनि.
पाटी, स्कॅनर, डोंगल, सगळ्या वायरी आणि लॅपटॉप, एवढं पिशव्यांत भरून सात रस्ता चौकात इरफानभाईच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. रिक्षावाला विचारतो, दुकान मोडलं काय? इरफानभाईनं हब दिला. एक शेपूट लॅपटॉपात जाणार, दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीची चार चौकोनी भोकं. "सब चलता मॅडम, बेफिकर जाव."

कारखान्यात येऊन लावलं. डोंगल चाललं. पाटी चालली. स्कॅनर लावला तर पाटीचा दिवा गेला. स्कॅनर काढला, दिवा आला. दोन जावा एका चुलीवर. संध्याकाळपर्यंत हेच.

२९ सप्टें.
परत सात रस्ता. इरफानभाई म्हणाला करंट पुरत नाही. "एक छेद कितनों को खिलाएगा मॅडम?" स्वतःचा प्लग असलेला मोठा हब बदलून दिला. तिन्ही चालू! एकदम! माझ्या तोंडून "शाब्बास" निघालं, हबला.

कागदावर काढलेलं ज्वारीचं कणीस स्कॅन केलं. टॉवेलच्या काठाला कणसांची रांग धरायची असं डोक्यात आहे. व्यं. डोकावला. "टॉवेलवर ज्वारी?"
"मग काय, पिझ्झा काढू?"
त्यानं माऊसनं एक कणीस काढून दाखवलं. झाडू दिसत होता. मी काही बोलले नाही. म्हणजे बोललेच.

१ ऑक्टो., खंडेनवमी
मागांना झेंडूचे हार. मी पण माझं लेकुरवाळं टेबल मांडलं. सगळ्या वायरी सोडल्या, पुसून घेतलं, लॅपटॉप, पाटी, स्कॅनर, हब, डोंगल ओळीनं. हळदकुंकू, फूल, आणि अक्षता चांगल्या मूठभर. नव्या लॅपटॉपवर जरा जास्तच. परका आहे, त्याला आपलंसं करावं म्हणून. व्यं.नं हसत हसत फोटो काढला. हस म्हटलं, बाबा.

३ ऑक्टो., शुक्र.
हब मेला. पाटी नाही, स्कॅनर नाही, काही नाही. जोर लावून खोचून बघितलं, तरी नाही. व्यं. दारातून, "सांगितलं होतं की."

डोकं फिरलं. तशीच लॅपटॉप आणि हब घेऊन सात रस्त्याला. चार गिऱ्हाइकांसमोर इरफानभाईला धुऊन काढलं. असला माल देताय, बाईमाणूस बघून फसवताय, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक आणि ही तुमची गत! त्यानं लॅपटॉप पुढं ओढला. चार्जर काढला, हब त्या भोकात लावला. चालू! मग दुसऱ्या भोकात बॅटरी मारली, चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकवानं माखलेली तांदळाची कणी.
"हब अच्छा है मॅडम. इस बिचारे का मूं भरा था."

दुकान हसलं. मी लाल. मग मलाही आवरेना. अक्षता म्हणे अखंड असावी, मी तर जोर लावून तिचा चुराडाच केला होता आत. सगळ्यांना चहा पाजला, त्यातल्या त्यात अब्रू वाचवली. निघताना तो म्हणाला, "अब चलरा ना, तो निकालना नक्को."

पुढच्या वर्षी पण पूजा करणार. भोकांवर चिकटपट्टी लावून करणार, पण करणार.

८ ऑक्टो.
कणीस जमलं. पाटीवर माझ्या मनगटाची जागा झिजून गुळगुळीत झाली आहे, हात आपोआप तिथं जाऊन बसतो. पेन दाबलं की दाणा टपोरा, सोडलं की बारीक. पाटी कारखान्याची असंल, ती जागा माझी आहे. आज फार बरं वाटलं. जेवायचं विसरले. व्यं. मागं उभा राहून बघत होता.

१३ ऑक्टो., सोम.
दोन्ही टॉवेल विणून झाले. त्याचा चौकटीचौकटीचा. वाईट नाही, छानच आहे, मेला. माझ्या काठावर दाणे उठून आलेत, बोट फिरवलं की लागतात. हैदराबादचं गिऱ्हाईक आलं. दोन्ही उलटून पालटून बघितले. हात धुऊन आला तो माझ्याला पुसला. माझा जीव हरखला! आणि मग दोन्ही घडी करून पिशवीत टाकले. "फोन करता हूं."

१६ ऑक्टो., गुरु.
फोन नाही. अण्णाशेठ समोर आले की बाजूला बघतात. मी कालपासून तीनदा चिडले, एकदा संडासात जाऊन रडले. रडण्याचं कुणाला कळलेलं नाही.

उद्यापासून कारखान्याच्या भिंतींना दिवाळीचा चुना मारायचा. व्यं. प्रत्येकाला सांगत फिरतोय, टेबलं रिकामी करा. माझ्याकडं पिशवी घेऊनच आला. "मॅडम, वायरी सोडा, सामान भरा. दिवाळीनंतर बघू."
"फोन आला काय?"
"नाही अजून."
"मग मी पण नाही सोडत अजून."
"अहो, पण रंगवाले..."
"रंगवाल्यांना सांग, ह्या टेबलाला वळसा घाला."

पिशवी खुर्चीवर ठेवून गेला. मी टेबलावर प्लॅस्टिक टाकलं, कडा दोऱ्यानं बांधल्या. पिशवी घडी करून त्याच्या टेबलावर ठेवली. काढायच्याच असतील वायरी तर त्यानं त्याच्या हातानं काढाव्यात, एकेक करून, मी समोर असताना. हब चालूच ठेवून आले. प्लॅस्टिकखालून त्याचा हिरवा दिवा दारापर्यंत दिसत होता.