ट्वीटर खराब आहेत म्हणा

ता. ९ फेब्रुवारी

भाऊजींस वहिनीचे आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे ते कळवा, आणि त्यांना म्हणावं जिने चढउतर कमी करा, ऐकणार नाहीत तरी म्हणा. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. घर एवढंसं, हे दिवसभर घरात, आणि माझं फोनवरचं बोलणं अर्ध्या गल्लीला ऐकू जातं असं तुम्हीच म्हणता. उत्तर मी काम करते त्या लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवा. घरी नको.

ह्यांचं गाठीवरचं औषध चालू आहे. चार डोस झाले, दोन उरलेत. केस गेले, भुवयाही गेल्या. परवा आरशात बघून म्हणाले, "घासून झालंय, आता पॉलिश मारायचं तेवढं राहिलं." उलट्यांचे दिवस सोडले तर सगळा वेळ मागच्या खोलीत. एवढ्यातही तुमच्या दादांना स्पीकरची नवी जोडी बांधायची होती, आणि ती त्यांनी बांधायला घेतलीच. प्लायवूड कापायची ताकद नाही म्हणून सुताराकडून फळ्या कापून आणल्या. त्याने एक फळी जराशी तिरकी कापली, तर जिन्यात उभं राहून त्याच्याशी भांडले. भांडण्यापुरती ताकद कुठून येते कोण जाणे.

आता मुद्द्यावर येते. ह्या आठवड्यात तुम्हाला त्यांचा फोन येईल. तुमच्या दुकानातून मागवलेले ट्वीटर, खोक्यात वर बसतात ते लहान गोल, खराब निघालेत म्हणून. त्यांची ती गिटारची जुनी रेकॉर्ड आहे ना, वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सरकतं तेव्हा एक बारीक आवाज येतो. तो ह्यांना ऐकू येत नाही. "बोट कुठे गेलं?" असं भिंतीला विचारत असतात. मग खोकं उघडायचं, जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या आतल्या क्रॉसओव्हरमधला एखादा रेझिस्टर बदलायचा, बारीक आवाजाला आणखी वाट करून द्यायची, पुन्हा स्क्रू आवळायचे. रोज हेच. आता ती खोकी इतकी टोचतात की बातम्या देणारी बाई 'स' म्हणाली की माझ्या दाढेत कळ जाते. वरच्या मजल्यावरून तक्रार आली. आणि ह्यांचं म्हणणं, आवाजावर कुणी ब्लँकेट टाकलंय.

भाऊजी, ट्वीटर चांगले आहेत. ह्यांचे कान गेलेत. ह्या औषधाने बारीक आवाज ऐकू यायचे थांबतात आणि ते परत येत नाहीत, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. बोललेलं नीट ऐकू येतं, म्हणून ह्यांच्या लक्षात आलेलं नाही. दाराची घंटा वाजली की मीच आधी म्हणते, "कोण आलं बघते हं." आणि कानांवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही येणार नाही. ज्या कानांच्या जोरावर जन्मभर तुम्हाला गप्प बसवलं, ते कान चुकतील कसे?

त्यांना कळलं तर उरलेले दोन डोस घेणार नाहीत. हट्टी माणूस आहे, तुम्ही मला सांगायला नको, मी तुम्हाला सांगायला नको. डोस अर्ध्यावर सोडले तर गाठ परत वाढेल. म्हणून फोन आला की म्हणा, हो दादा, त्या मालात तक्रार आहे, दुसरे पाठवतो. ज्यांनी तुम्हाला हातात सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवलं त्यांच्याशी खोटं बोला असं सांगायला नको वाटतं. पण सांगते आहे.

तुमची वहिनी


ता. ३ मार्च

भाऊजींस आशीर्वाद.

ट्वीटर पोचले. फोनवर तुम्ही इतकं छान बोललात की क्षणभर मलाही खरं वाटलं. कारखानदाराला घातलेल्या शिव्या ह्यांना फार आवडल्या. जेवण नीट गेलं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी नवे ट्वीटर बसवले. बोट नाही. पुढच्या खोलीतली जुनी जोडी, लग्नानंतर बांधलेली, ती लावून बघितली. तिथेही नाही. स्टुलावर बसून राहिले. मला वाटलं, झालं, आता कळणार. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर आपल्या कानांपाशीच पोचले असते. तेवढ्यात त्यांनी मला हाक मारून बसवलं आणि विचारलं, "तुला बोट ऐकू येतंय का?"

येत होतं. इतकं येत होतं की अंगावर काटा आला. हो म्हटलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "मला नाही बाई. मला कधीच नाही आलं. तुम्ही म्हणायचात म्हणून मी आपली मान हलवायचे."

त्यांनी रेकॉर्ड बंद केली. ती पुसून पाकिटात घातली आणि म्हणाले, "म्हणजे ते तिथे नव्हतंच. मी मनानेच ऐकत होतो. आणि लोकांना ऐकवत होतो."

तेव्हापासून फोन करत सुटलेत. ज्यांना ज्यांना जोड्या बांधून दिल्या त्यांना सांगतात, नसलेल्या आवाजावर जोड्या जुळवल्या, माझ्या कामात दोष आहे, परत आणून द्या. काहीजण आजारी माणसाचं बोलणं म्हणून हो हो करून सोडून देतात. कोपऱ्यावरचा न्हावी बिचारा खरंच घेऊन आला. म्हणाला, "दादा, दाढी झाली तरी गिऱ्हाइकं उठत नाहीत ह्या आवाजामुळे." ह्यांनी त्याच्या देखत खोकी उघडली आणि सगळं सुटं केलं. वूफर एकीकडे, वायरी एकीकडे. तो दारात उभा होता, मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. आजारपणात कण्हले नाहीत इतके ते त्या दिवशी कण्हले, पेचकस फिरवताना.

तुम्ही लिहिलंत, वहिनी, आता पुरे, सांगून टाका. मलाही तेच वाटतं, दिवसातून दहा वेळा वाटतं. पण एक डोस उरलाय. तो होऊ दे.

आणि एक गोष्ट तुमच्यापासून ठेवली होती, ती आता लिहिते. दुसऱ्या डोसच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दुसरं एक औषध आहे, कानांना सोसेल असं. पण ह्या गाठीवर त्याची इतकी खात्री देता येत नाही. त्यांना विचारा आणि मला सांगा. हे आत खुर्चीत होते, हाताला सलाईन. मी दारापर्यंत गेले. काचेतून दिसत होते, डोळे मिटून पडलेले. मी कॉरिडॉरमध्ये थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन सांगितलं, "विचारलं. हेच चालू ठेवा म्हणतात."

ह्यांना विचारलं असतं तर त्यांनी कान मागितले असते. मला माणूस हवा होता. मी एवढंच बघितलं.

वहिनी


ता. २ एप्रिल

भाऊजींस आशीर्वाद.

शेवटचा डोस होऊन गेला. काल रिपोर्ट आला. गाठ दिसत नाही. डॉक्टर हसले, परिचारिकेने मला मिठी मारली. हे म्हणाले, "चला, घरी जाऊ." रिक्षात माझा हात धरून बसले होते. मी तेव्हाच ठरवलं, घरी पोचल्यावर सांगायचं.

सांगितलं. चहा करून दिला, समोर बसले आणि तुमचा भाग सोडून सगळं सांगितलं, कॉरिडॉरसकट. ते कप खाली न ठेवता ऐकत होते. आधी विचारलं, "म्हणजे जोड्या बरोबर होत्या?"

"बरोबर होत्या."

"बोट येत होतं तुला?"

"स्वच्छ येत होतं."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरून ओझं उतरलं, मी डोळ्यांनी पाहिलं ते. मला वाटलं सुटलो आम्ही. मग म्हणाले, "आणि डॉक्टरांनी मला विचारायला सांगितलं होतं."

मी हो म्हटलं.

"अगं, मी हेच औषध घेतलं असतं. तुला काय वाटलं? मी कान घेऊन बसलो असतो आणि तुला एकटी टाकून गेलो असतो?"

भाऊजी, ते ओरडले असते तर मी सोसलं असतं. ते अगदी हळू बोलले. इतकी वर्षं मी त्या खोक्यांना माझी सवत म्हणून चिडवत आले. मला वाटायचं मी थट्टा करते आहे. मनातून मी ते खरं धरून चालले होते, आणि हे त्यांना काल कळलं, मलाही कालच कळलं.

तेव्हापासून लागेल तेवढंच बोलतात. टॉवेल कुठे आहे, दार लावून घे. रात्रीचं जेवण नीट जेवले, गोळ्या घेतल्या. मला ते जिवंत हवे होते, ते आहेत. तक्रार कुणाकडे करू?

आज सकाळी मागच्या खोलीत गेले, न्हाव्याची सुटी केलेली जोडी पुन्हा जोडायला घेतली. थोड्या वेळाने आतूनच विचारलं, "धाकट्याला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं. म्हटलं, मीच त्यांना सांगितलं की ट्वीटर खराब वाटतात, आणि त्यांनी विश्वास ठेवला.

ते म्हणाले, "तो तसा भोळाच आहे पहिल्यापासून." आणि हसले, भाऊजी. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "त्याला बोलावून घे. आता ऐकायचं काम त्याने करायचं, मी सोल्डरिंग करतो."

तर या. रविवारी या, जाऊबाईंना आणा. दोघं भाऊ बसा आत. तुमच्या मागच्या पत्रात लिहिलंय की दादांचे पाय धरून सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला झोप लागणार नाही. मला तुमचं कळतं. पण सांगू नका. तुम्ही मोकळे व्हाल, आणि ते त्या खोलीत एकटे पडतील. आपल्याला न फसवलेलं एक माणूस तरी घरात आहे, एवढं त्यांना असू दे. ते माणूस मी असायला हवं होतं. आता तुम्ही व्हा, आणि मरेपर्यंत तसेच राहा.

रविवारी दार मीच उघडेन. माझ्याकडे बघून थांबू नका, सरळ आत जा.

वहिनी