देठाला लावलेला कान

४ एप्रिल

गप्प! काटेरीवरच्या नराचं गाणं देठातून सोडलं, चिकवाली मादी ढिम्म. लगेच तिच्याच नराचं सोडलं — आणि हेडफोनमध्ये खालून जाडसर 'घुंऽऽ'. उत्तर! मी खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. शेजारच्या टेबलावरून पाणीपुरवठा म्हणाला, "काय गं, लॉटरी लागली?" (तो आमची झाडं सांभाळतो. सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घालतो म्हणून हे नाव. त्याला आवडतं.) लॉटरीच की!

ताईला काल पुन्हा एकदा समजावलं. शिंगवाले तुडतुडे, तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांचं गाणं हवेत नसतं, देठात असतं. नर पोट थरथरवतो, ती थरथर देठातून जाते, मादी पायांनी ऐकते. पसंत पडला तर तीही थरथरते. मग तो उत्तराच्या रोखाने शोधत येतो. आपल्याला ऐकायचं तर देठाला यंत्र चिकटवावं लागतं. ताई म्हणाली, "म्हणजे बघण्याआधी नुसतं फोनवर जमवायचं!" तसंच.

आता दोन झुडपं, एकाच कालव्याच्या बांधावर, हातभर अंतराने. एक काटेरी, एक चिकाचं. दोन्हींवरचे तुडतुडे भिंगाखालीही सारखे, डीएनए जवळजवळ सारखा. फक्त गाणी वेगळी. माझ्या गाईड मॅडम म्हणतात, जाती दोन. मधे डोंगर नाही, नदी नाही — माद्यांच्या आवडीनेच फारकत झाली. एकीला लांब घुमणं आवडलं, एकीला टकटक. ज्याचं गाणं आवडलं त्याचीच पोरं झाली, पोरांनी तेच गाणं उचललं, आणि एके दिवशी दोन्हीकडच्यांना एकमेकांचं काही कळेनासं झालं. बाहेरचे परीक्षक म्हणतात, थापा. झुडूप बदललं, जात एकच. माझा सगळा प्रबंध या भांडणावर उभा आहे.

म्हणून सगळ्यांना लहानपणापासून शेंगेच्या रोपांवर वाढवलंय, दोघांनाही ती चालतात. दोन खोल्या, दोन पिंजरे. झुडपाचा संबंधच तोडला. तरी आवड तीच! आता या परीक्षकबुवा.

५ एप्रिल

आज काटेरीवाल्या. परक्या गाण्याला एकीनेही तोंड उघडलं नाही. (तोंड नाही, पोट.) अर्ध्या माद्या झाल्या, अर्ध्या राहिल्या. मसुदा महिनाअखेर द्यायचाय. जमेल.

८ एप्रिल

डोकं ठणकतंय. हेडफोनमुळे असेल.

१० एप्रिल

हेडफोन नव्हे. ताप. ताईने कपाळाला हात लावला आणि कॉम्प्युटरचा प्लगच काढला. ताई नर्स, तिच्यापुढे काय बोलणार! किड्यांना पाणीपुरवठा बघेल म्हणाला. तो बघेलच. त्याच्या हातून आजवर एक रोप मेलेलं नाही.

१४ एप्रिल

सकाळी गेले. डाव्या खोलीचा पिंजरा रिकामा. मेले सगळे! तेवढ्यात पाणीपुरवठा हसत आला. "शनिवारी डावीकडचा कूलर गेला. खोली भट्टी झालेली. दुरुस्तीवाला येईना. मी सगळ्या कुंड्या उचलून उजवीकडच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवल्या. एकही मेला नाही!"

एकही मेला नाही. दोन्ही लॉट. एका पिंजऱ्यात. तीन दिवस.

मी म्हटलं, "आता कुठला कोण, सांग." तो आधी हसला. मग पिंजऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा उतरत गेला त्याचा. "वेगळे दिसत नाहीत?" नाही रे बाबा! दिसत नाहीत, हाच तर माझा प्रबंध आहे!

ओरडले त्याच्यावर. जिन्यापर्यंत ऐकू गेलं असणार. पण खरं सांगायचं तर पाठीवर रंगाचा ठिपका मीच द्यायला हवा होता. दिला नाही. दोन खोल्या आहेत, ठिपका कशाला! म्हणे शहाणी. त्याने माझे किडे वाचवले आणि मी त्याला नाही नाही ते बोलले. नवे आणावेत तर बांधावरही आता पिल्लं नाहीत, पुढची खेप मेच्या शेवटी.

१५ एप्रिल

मॅडमना सांगितलं. वाटलं आभाळ कोसळेल. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "एवढंच? नर गाण्यावरून ओळखू येतात. ज्या माद्या अजून कोऱ्या आहेत, नराशी जमलेल्या नाहीत, त्यांना गाणी ऐकव. जी ज्या गाण्याला उत्तर देईल ती त्या जातीची. वेगळ्या कर आणि राहिलेला प्रयोग उरक."

इतकं सोपं! बाहेर येऊन पाणीपुरवठ्याला चहा पाजला. माफी मागायची होती, पण चहाच पाजला.

१७ एप्रिल

काल वेगळ्या केल्या. आज प्रयोग. कसला सुंदर निकाल! शंभर टक्के! चिकवाल्या चिकवाल्यांना, काटेरीवाल्या काटेरीवाल्यांना. एकही चुकार नाही. आधीच्या चिकवाल्यांत दोन-तीन तरी गोंधळलेल्या होत्या. आज एकही नाही!

१८ एप्रिल

एकही नाही कशी असेल? मीच निवडल्यात त्या. उत्तरावरून निवडल्या आणि मग बघितलं की उत्तर देतात का. अर्थात देतात! ज्या मुलांनी हात वर केला त्यांना एका बाकावर बसवायचं आणि मग विचारायचं, या बाकावरच्या किती जणांनी हात वर केला.

जेवण गेलं नाही. ताई म्हणाली, "पुन्हा ताप?"

१९ एप्रिल

कोणाला कळणार आहे? मसुद्यात दोन ओळी कमी लिहायच्या, बस. कूलरचं नावच काढायचं नाही. आणि निकाल खोटा तरी कुठे आहे? जाती दोनच आहेत, मला माहीत आहे, रोज कानाने ऐकते. खऱ्याच गोष्टीचा पुरावा जरा वाकडा, इतकंच ना.

हे लिहिताना स्वतःचीच शिसारी आली. 

२१ एप्रिल

सांगून आले. मॅडमच्या केबिनमध्ये, उभ्यानेच. बाक, हात वर, सगळं. मॅडमना दोन वाक्यांत कळलं. कळल्याचं दिसलं चेहऱ्यावर. पण म्हणाल्या, "अर्धा डेटा आधीचा स्वच्छ आहे. उरलेल्याने निकाल बदलत नाही." मी म्हटलं, "बदलत नाही कारण बदलूच शकत नाही, मॅडम."

"तुला कळतंय का मी काय पणाला लावलंय?"

कळतं. सगळ्यांना माहीत आहे. चिकावरच्या जातीला त्यांनी स्वतःच्या आईचं नाव दिलंय. आई हॉस्पिटलात होती तेव्हा, घाईघाईने. परीक्षकांचं खरं निघालं तर ते नाव रद्द. मॅडम कधी बोलत नाहीत यावर, आजही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पंधरा जूनपर्यंत मुदत मागते. त्याच्यापुढे एक दिवस नाही. आणि तेव्हाही हात हलवत आलीस तर माझ्याकडे येऊ नकोस."

जिन्यात रडले. पाणीपुरवठा खाली उभा होता, त्याने बघितलं. न थांबता वर निघून गेला. बरं केलं.

२४ एप्रिल

मोठ्या पिंजऱ्यात देठांवर माद्या अंड्यांवर बसल्यात. या आयांचं हे एक बरं आहे, अंडी घालून उडून जात नाहीत. काडीने डिवचलं तरी हलत नाही, उलट पाय झाडते!

गर्दीत कोण कोणाशी जमलं, देव जाणे. देठ एक, गाणी ढीगभर, कोण कोणाला उत्तर देतंय कळायला वाव कुठे! म्हणजे यातली काही पोरं मिश्र असणार. मिश्र पोरगा कुठलं गाणं गाईल?

आणि त्याला उत्तर कोण देईल??

२५ एप्रिल

डोळा लागला नाही. हाच प्रयोग! याच्यासारखा दुसरा नाही! मिश्र नर अधलंमधलं गायला आणि दोन्हीकडच्या माद्या गप्प राहिल्या, तर आणखी काय हवं? असा नर जगेल, खाईल, गाईल — पण त्याला पोर होणार नाही. गाण्यानेच वंश संपला. म्हणजे जाती दोन. परीक्षकांनी तोंडात बोटं घालावीत.

मॅडमना सांगितलं. "कर," एवढंच म्हणाल्या. पण खुर्चीत जरा ताठ बसल्या.

२६ एप्रिल

प्रत्येक आई वेगळ्या कुंडीत, वेगळ्या जाळीत. आणि प्रत्येक जाळीला रंगीत दोरा. पाणीपुरवठ्याने स्वतः बांधले. "आता कूलर गेला तरी एकेक उचलीन," म्हणाला. आज त्याची माफी मागितली एकदाची. म्हणाला, "चहा पाजलास तेव्हाच कळलं होतं."

११ मे

पिल्लं! काळी, टाचणीच्या टोकाएवढी, आईच्या पायांत दाटीवाटीने. मोजायला जाऊ नये, श्वास लागला तरी पळतात.

२७ मे

पाणीपुरवठा आणि मी बांधावर गेलो. ऊन मी म्हणतंय. दोन्ही झुडपांवरची कोवळी पिल्लं आणली, वयात यायच्या आतली. आता यांच्या पाठीवर ठिपके, आणि कात टाकली की लगेच नवे! चिकवाल्यांना पिवळा, काटेरीवाल्यांना पांढरा. ताईने तिचा नेलपॉलिशचा ब्रश दिला आणि म्हणाली, "माझ्या नखांना कधी इतकं जपून लावलं नाहीस."

६ जून

गायला!!

तिसऱ्या जाळीतला पहिला नर. देठाला यंत्र लावलं आणि श्वास रोखून बसले. सुरुवात घुमण्याने — चिकवाल्यांसारखी. आता लांबणार म्हणते तोवर तुटलं, आणि शेवटाला टकटक, तीही अडखळत. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. कोणाचंच नाही. थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून.

आनंदाने ओरडायला हवं होतं. आधी वाईटच वाटलं त्याचं. खुळ्यासारखा गात बसलाय!

९ जून

बांधावरच्या माद्या वयात आल्या. आधी जुना प्रयोग नव्याने, पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या जिवावर. आपल्या गाण्याला उत्तर, परक्याला गप्प. दोघी-तिघी गोंधळलेल्या — असू देत, खऱ्या आहेत. 

१० जून

मिश्र नराचं गाणं पिवळ्या ठिपकेवाल्यांना ऐकवलं. चिकवाल्या. एकही उत्तर नाही. दिवसभर नाही! मॅडम दारात येऊन उभ्या राहायच्या, मी मान हलवायची, त्या जायच्या. संध्याकाळी म्हणाल्या, "अर्धं झालं."

मी इतकी वर्षं माद्यांचं उत्तर ऐकायला कान टवकारून बसले. आता उत्तर येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेय. पाणीपुरवठा म्हणाला, "बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुझं?"

११ जून

पांढऱ्या ठिपकेवाल्या राहिल्या. आज लाइट नव्हती. रिकाम्या हेडफोनमध्येही 'टक' ऐकू आल्यासारखं होतंय. पंधरा आली.

१२ जून

उत्तर आलं.

पहिलीकडून नाही. दुसरीकडून. स्पष्ट. मला वाटलं खुर्ची हलली असेल, पंखा असेल. पुन्हा सोडलं, पुन्हा आलं. तिसरीकडूनही. पांढरे ठिपके, काटेरीवाल्या, स्वतः बांधावरून आणलेल्या. म्हणजे त्याला पोरं होतील. दोन्हीकडचं रक्त इकडून तिकडे जातंच असणार त्या बांधावर, आम्ही दोन जाती म्हणत होतो तेव्हाही.

खोलीत मी एकटीच होते. ऐकलं ते फक्त मी. दहा मिनिटं तशीच बसले. मग मॅडमना बोलावून आणलं, दुसरा हेडफोन दिला आणि गाणं सोडलं. चौथीनेही दिलं उत्तर.

मॅडमनी डोळे मिटले होते. मग, डोळे न उघडता, "रेकॉर्डर चालू आहे?"

"आहे."

"बंद करू नकोस. परीक्षकांना फोन मी करते."