बर्कचा तुटलेला दोर

दयाळू अल्लाहच्या नावाने आरंभ करतो. मी, मुसब्बह बिन घानिम, वय चौऱ्याहत्तर, धंदा दोर वळण्याचा, राहणार फुजैरा, डोंगराकडच्या खजुरीच्या बागेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. बायको हमदा हिचं याबाबतीत मत वेगळं आहे, पण तिला कोणी विचारलेलं नाही.

एक. घर, बाग व विहीर यांत माझा शब्द चालत नाही. हमदाचा आणि उबैद व जुमा या मुलांचा हिस्सा धर्मानेच ठरलेला आहे. त्यावरून भांडू नये. मला देता येतो तो एक तृतीयांश, तोही वारसांबाहेरच्या माणसांना. पुढची कलमं तेवढ्यापुरती.

दोन. खजुरीचे धागे कुटायची मोगरी, दोन सुऱ्या आणि भिजवायची दगडी कुंडी हस्तकला केंद्राला द्यावी. काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर देऊ नये. मोगरी वापरात राहिली तरच टिकते.

तीन. माझा बैल सहाब. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो मैदानात टक्कर देतो, अजून कुणापुढे मागे हटलेला नाही. उबैदला बैलाचा वास सोसत नाही. जुमाने मागच्या हिवाळ्यात त्याला निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलं. हे मी विसरलेलो नाही. दोघं त्याला खाटकाकडे धाडतील. म्हणून सहाब मी खमीस बिन दलमूक याला देतो. मैदानातल्या लोकांना नवल वाटेल, कारण तीस वर्षांत मी खमीसला सलाम केलेला नाही. खुलासा पुढे आहे.

चार. तीस वर्षांपूर्वी माझा तेव्हाचा बैल बर्क आणि खमीसचा बैल यांची टक्कर लागली. प्रत्येक बैलाच्या पायाला लांब दोर असतो. टक्कर संपली की माणसं तो ओढून बैल वेगळे करतात. आम्ही ओढला आणि माझा दोर तुटला. बर्क उधळून गाड्यांत शिरला, पाय मोडला, त्याच दिवशी त्याच्या मानेवर सुरी फिरवावी लागली. मी भर मैदानात ओरडलो, "खमीस, माझ्या दोराला सुरी लावलीस तू!" त्याने वाळूत पडलेला अर्धा दोर उचलला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने कधी बैल आणला नाही.

सुरी कोणी लावली नव्हती. धागे सात दिवस भिजवायचे असतात, मी शुक्रवार गाठायच्या घाईत एकच रात्र भिजवले. दोरवाल्याचा दोर तुटला हे कबूल करण्यापेक्षा खमीसला दगाबाज म्हणणं मला सोपं गेलं. उरलेला अर्धा दोर माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. हे कलम माझ्या मागे मैदानात मोठ्याने वाचावे.

इथवर गुरुवारी लिहिलं आणि हमदाला वाचून दाखवलं.

"मेल्यावर माफी मागणार?" ती म्हणाली. "म्हणजे तोंड दाखवायला नको! सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही तुमचा. उठा, जोडे घाला."

सबब कलम चारमधली मैदानात वाचण्याची सूचना रद्द. शुक्रवारी मी खमीसच्या अंगणात गेलो. त्याने कॉफी ओतली, खजूर पुढे केला. मी सगळं सांगितलं. तो आत गेला आणि त्याच्याकडचा अर्धा दोर घेऊन आला. टोक केरसुणीसारखं विस्कटलेलं होतं.

"सुरीने कापलेलं टोक असं दिसतं का रे, मुसब्बह? मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग दाखवलं का नाहीस?"

"तुझी पोरं लहान होती. दाखवलं असतं, तर तुझा दोर कुणी घेतला असता?"

तीस वर्षं मी ज्याचं नाव घेतलं नाही, त्याने माझी चूल पेटती ठेवली होती. मी त्याच्या अंगणात पोरासारखा रडलो. दर शुक्रवारी तो लांबून, गाडीत बसूनच टकरी बघत होता, हेही तेव्हाच कळलं.

सहाब घ्यायला तो तयार झाला. वर म्हणाला, "मी तुझ्याहून वर्षाने मोठा आहे. आधी मीच गेलो तर?"

"तर बैलालाच विचारू," मी म्हटलं.

पाच. दोन्ही तुकडे उकलून, नव्या धाग्यांत मिसळून सहाबसाठी दोर वळायचा आहे. मी मध्येच गेलो तर खमीसने पुरा करावा. धागे आज कुंडीत टाकले आहेत. सात दिवस भिजवावेत, सहा नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
मुसब्बह बिन घानिम

साक्षीदार:
१. मतर बिन सरूर, शेजारी
२. हमीद बिन जासिम, मशिदीचे इमाम

खमीसलाही सही करायची होती. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, असं इमामांनी सांगितलं. म्हणून तो बाहेर सहाबपाशी बसला आहे.

फुजैरा, शनिवार, ११ नोव्हेंबर २०२३