यारिनची खडी

१४ सप्टेंबर, शनिवार

अर्न आला काय, तासभर बसला काय, आणि माझी झोप उडवून गेला काय!

तीन आठवड्यांवर आमच्या मॉडेल-रेल्वे क्लबचं प्रदर्शन आलंय, म्हणून म्हाताऱ्याला मीच मुद्दाम बोलावलं. यारिनच्या रेल्वे-फाट्यावर तो सतरा वर्षं गाडीचा गार्ड होता. खरं यारिन स्टेशन चालू असताना पाहिलेला एवढा एकच माणूस आमच्यात उरलाय. माझं यारिन म्हणजे मागच्या छोट्या खोलीत दोन भिंतींना लागून बसवलेली सव्वा फूट रुंदीची फळी आणि तिच्यावरचे चिमुकले रूळ, स्टेशन, रस्ते. दारातही एक फळी आडवी येते, तिच्याखालून वाकून आत जावं लागतं. अर्न कण्हत, शिव्या घालत आत शिरला. "लेका, स्टेशन बांधलंस की कुत्र्याचं घर?" मग पाण्याची टाकी बघितली, गुरांचा धक्का बघितला, फलाटावरची बोटाच्या पेराएवढी माणसं बघितली. नाक ओढलं. मी आतल्या आत फुगलो.

मग तो रुळांखालच्या खडीपाशी आला. "रंग अगदी तोच साधलास. कुठल्या दुकानातली?"

दुकानातली कसली! अडीच वर्षांपूर्वी सहा तास गाडी हाकून यारिनला गेलो होतो. फलाटामागच्या करड्या ढिगाऱ्यातून दोन बादल्या भरून आणल्या. जिथलं स्टेशन, तिथलीच माती—आमच्यात यालाच खरं काम म्हणतात. तसं मी त्याला ऐटीत सांगितलं.

अर्ननं बोट मागे घेतलं. "कुठला ढीग? फलाटामागचा? अरे, तो डोंगराचा नव्हे, खाणीचा. वर अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती. मालगाडीच्या वाघिणीतून सांडायचं ते तिथं ओढून टाकायचे." मग अगदी हळू म्हणाला, "आमच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन तीच धूळ छातीत जाऊन गेला. एकसष्टाव्या वर्षी. धड श्वास घेता येत नव्हता."

चहा न घेता गेला. मी तीनदा हात धुतले.

१५ सप्टेंबर, रविवार

दार बंद केलंय. खाली ओला टॉवेल लावलाय. ब्रॉनविनला सांगितलं, रंग वाळतोय, उघडू नकोस. चौदा वर्षांच्या संसारात बायकोला थापा मारल्या नाहीत असं नाही, पण अशी पहिलीच.

काय काय केलं ते लिहून काढतो, म्हणजे डोकं तरी थांबेल. दोन्ही बादल्या चाळल्या. कोरड्या—ओली माती जाळीत अडकते. तीन-तीन वेळा. खिडकी लावून! कारण वाऱ्यानं बारीक पूड उडून गेली असती, आणि मला तर तीच हवी होती, रस्त्यांसाठी. मोठी खडी रुळांत गोंदानं पक्की बसवली आहे, ती हलत नाही. रस्त्यावरची पूड मात्र तशीच सैल भुरभुरवलेली. गोंद लागला की ती काळपट दिसते, मला ते खपलं नाही. खपलं असतं तर बरं झालं असतं.

दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतो. नवा पोरगा गॉगल न लावता यंत्रापाशी गेला की त्याला फैलावर घेतो. आणि घरी तोंडाला साधा रुमालसुद्धा बांधला नाही.

चाळणीचं लिहायचं टाळतोय. चाळणी ब्रॉनविनची होती. पिठाची. काम झाल्यावर धुतली आणि मुकाट्यानं फडताळात परत ठेवली.

१६ सप्टेंबर, सोमवार

जुनी चाळणी दोन पिशव्यांत बांधून त्या खोलीत ठेवली. तशीच नवी आणली. संध्याकाळी ब्रॉनविन चहाबरोबरचे छोटे पाव, स्कोन, करायला बसली आणि चाळणी दिव्यापाशी धरून बघायला लागली. "ही इतकी चकचकीत कशी झाली? तू भांडी घासायला लागलास? गार्थ, तब्येत बरी आहे ना?" हसली. मग खोकली. दोनदा.

स्कोन हातात धरून मी नुसता बसलो. तिनं विचारलं, "वाईट झालेत?" मी चार खाल्ले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मंगळवार असून क्लबला गेलो नाही. ब्रॉनविन नवलानं बघत राहिली.

१८ सप्टेंबर, बुधवार

दुकानाच्या मागच्या गल्लीत उभा राहून सिडनीच्या एका प्रयोगशाळेला फोन केला. बाई शांत बोलत होती. दोन चमचे पूड ओली करून दुहेरी पिशवीत पाठवा म्हणाली. मग सूचना—खोली बंद ठेवा. झाडू नका. व्हॅक्यूम लावू नका. फुंकू नका. ती सांगत होती आणि मी मनात हो हो म्हणत होतो, कारण तिथं झाडू जातच नाही.

"घरात आणखी कोण असतं?"

"बायको. पण ती त्या खोलीत जात नाही."

हे मी दोनदा सांगितलं. तिनं एकदाच विचारलं होतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दोन चमचे काढायला आत गेलो. मास्क, हातमोजे, जुना रेनकोट. चोरासारखा स्वतःच्याच घरात. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात कण तरंगत होते. ऊन आलं की कण दिसतातच, सगळ्यांच्या घरात दिसतात! तरी मी श्वास रोखून धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा सोडला.

पिशवी पाठवली. निकालाला आठ दिवस लागतील, वर सुट्टीचे.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून ब्रॉनविन अकरा वेळा खोकली.

वॅटलची झाडं फुललीत, हवाभर पराग. दर सप्टेंबरात इथला वसंत आला की तिला खोकला होतो. मला माहीत आहे. लग्नाआधीही व्हायचा. तरी मोजतो.

अर्नचा फोन. त्याला विचारलं, किती धूळ म्हणजे जास्त? तो म्हणाला, "ते कोणाला कळलंय? खाणीत तीस वर्षं फावडं मारलेला एकजण नव्वदीचा होऊन गेला. आणि एकीनं फक्त नवऱ्याचे कपडे धुतले होते, ती पन्नाशीतच गेली." मग म्हणाला, "बायकोला सांग."

म्हटलं, निकाल आल्यावर सांगतो. अर्न म्हणाला, "निकाल तुझ्यासाठी आहे रे. ती तुझी बायको आहे."

मी त्रेचाळीसचा, ब्रॉनविन एकेचाळीसची. हे दुखणं वीस-तीस वर्षं दबा धरून बसतं म्हणे. म्हणजे ती सत्तरीची होईल तेव्हा. आम्ही समुद्रापाशी राहायला जायचं ठरवलंय तेव्हा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

क्लबला फोन केला—यारिन प्रदर्शनाला येत नाही. का? वायरिंग बिघडलंय. "तुझं वायरिंग?" सेक्रेटरी हसतच सुटला.

तिकडे यारिन गेलं असतं तर? शेकडो माणसं, पोरं फळीवर नाक टेकवून बघणारी. हा विचार आला तसा फोन खिशात टाकला. पायरीवर बसून राहिलो.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ब्रॉनविननं आज जेवताना काटा खाली ठेवला. "दोन आठवडे तू त्या खोलीत गेला नाहीस. एरवी गावाला मुक्कामी गेल्यासारखा जाऊन बसतोस. दुसरी कोणी आहे का?"

"कोण दुसरी?"

"मला काय विचारतोस? तूच सांग."

मला हसू आलं. तिला आलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हणालो, डोळे थकतात. ती उठून माझ्यासाठी डोळ्यांचं औषध शोधायला गेली. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

२९ सप्टेंबर, रविवार

एकाच गोष्टीचा आधार आहे. ती आत जात नाही. तिची कंबर धरते, फळीखालून वाकणं तिला जमत नाही. फळी बसवली त्याच आठवड्यात म्हणाली होती, "तुझं गाव तुला लखलाभ!" तेव्हा मला राग आला होता. आता देवळात बसल्यासारखा ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. काय व्हायचं ते माझं होऊ दे. मला भीती वाटते, खूप वाटते, पण ती एकट्यापुरती असली तर मी सहन करीन.

२ ऑक्टोबर, बुधवार

निकाल आला. आहे. सैल पुडीत जास्त.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. सगळं—बादल्या, चाळणी, अर्न, वायरिंग, डोळे. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. ब्रॉनविन चिडली नाही. चाळणीचं ऐकल्यावर तिनं ओट्याला धरलं, बस्स. मग विचारलं, "तुझ्या छातीत किती गेली असेल?" मी म्हणालो, कोणीच सांगू शकत नाही. खोली रिकामी करायला माणसं येतील सोमवारनंतर, धुळीपासून वाचवणारे सूट घालून. यारिन जाईल, एक डबाही राहणार नाही. जाऊ दे. म्हणालो, "तू कधी आत गेली नाहीस, एवढंच माझं नशीब."

तिनं माझा हात घट्ट धरला, मग वाळलेले कपडे काढायला बाहेर गेली. खूप वेळ बाहेर होती. माझ्या काळजीनं असेल असं मला वाटलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली. पाठ माझ्याकडे होती.

"दर मंगळवारी तू क्लबला गेलास की मी दारातली फळी काढून आत जायचे. दोन खिट्ट्याच तर आहेत. एवढं जीव लावून केलंयस आणि रस्त्यांवर सगळी धूळ. ब्रश लावला तर तुझी माणसं पडतात, म्हणून फुंकून काढायचे."

रस्त्यावरची पूड विरळ व्हायची. मी दर महिन्याला पुन्हा भुरभुरवायचो.